तोट्याचा हिशेब लोकांना कोण सांगणार?

७ मे २०१५ रोजी लोकसभेत एका घटनादुरुस्तीवर मतदान झालं. बाजूने ३३१ मतं, विरोधात शून्य. आदल्या दिवशी राज्यसभेतही १८१ विरुद्ध शून्य असाच निकाल लागला होता. भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या भूसीमा कराराला संसदेने दिलेली ही मान्यता. त्या करारावर इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांच्या सह्या झाल्या होत्या १६ मे १९७४ रोजी. ज्या गोष्टीला शेवटी एकाही खासदाराने विरोध केला नाही, ती करायला आपल्याला ४१ वर्षं लागली.

या ४१ वर्षांत जमीन जागची हलली नव्हती आणि कराराचा गाभाही तोच राहिला होता. मग घोडं अडलं कुठे? जगभरातले असे वाद वाचताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. शेजारी देशांमधले जुने तंटे वाटाघाटीच्या टेबलावर अडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते घरात अडून पडतात. तोडगा साधारण कसा असेल, हे दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना बहुतेक वेळा फार आधीपासून माहीत असतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की आपल्याच लोकांसमोर उभं राहून ‘हे आपल्याला मिळणार नाही’ असं सांगायचं कोणी. राजकीय नेतृत्वाचा कस तिथे लागतो. शेजारच्या राजधानीत जाऊन गळाभेट घेणं त्यामानाने सोपं असतं.

बांगलादेशचं उदाहरण जरा जवळून बघू. उत्तर बंगालमधला कूचबिहार आणि पलीकडचा रंगपूर या पट्ट्यात बांगलादेशच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते आणि भारताच्या पोटात बांगलादेशचे ५१. तिथले लोक त्यांना छिटमहल म्हणतात. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळाच्या पटावर गावं पणाला लावायचे, त्यातून हे तुकडे पडले, अशी दंतकथा तिकडे आहे. खरं मूळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात झालेल्या तहात आहे. दाहाला खगराबाडी हा तुकडा तर असा, की भारताची जमीन बांगलादेशच्या एका छिटमहलात, ते छिटमहल भारताच्या छिटमहलात, आणि ते पुन्हा बांगलादेशात.

नकाशावर हे गमतीदार दिसतं. तिथे राहणाऱ्यांना त्यात गंमत नव्हती. २०११ साली दोन्ही देशांनी मिळून केलेल्या शिरगणतीत या तुकड्यांमध्ये ५१ हजारांहून अधिक माणसं मोजली गेली. त्यांच्या स्वतःच्या देशाचा पोलीस गावात येऊ शकत नव्हता, कारण वाटेत दुसरा देश होता. आजूबाजूच्या देशाचा पोलीस येत नव्हता, कारण जमीन त्याच्या अखत्यारीत नव्हती. वीज नाही, सरकारी शाळा नाही, दवाखाना नाही. मुलाला शेजारच्या गावातल्या शाळेत घालायचं तर त्या गावातल्या एखाद्या भल्या माणसाचं नाव बाप म्हणून लावायचं. बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जायचं तर नवऱ्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचं नाव सांगायचं. आयुष्यभर अशी उसनी नावं वागवत जगलेल्या माणसांचा विचार मनात आला, की ४१ वर्षं हा आकडा फार जड वाटतो.

खरं तर हा हिशेब ४१ वर्षांच्याही मागे जातो. १९५८ साली नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी हे तुकडे बदलून घ्यायचं ठरवलं होतं. त्याच करारातल्या बेरुबाडी या सीमाभागाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि देशाची जमीन द्यायची असेल तर घटनादुरुस्ती लागेल, असं न्यायालयाने १९६० साली सांगितलं. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झालीही, पण प्रत्यक्षात काही घडलं नाही. १९७४च्या करारानंतर बांगलादेशने वर्षाच्या आत आपल्या राज्यघटनेत बदल करून मान्यता देऊन टाकली. आपण मात्र थांबलो. कारण एक आकडा होता. भारताच्या तुकड्यांचं क्षेत्रफळ १७,१६० एकर, बांगलादेशच्या तुकड्यांचं ७,११० एकर. अदलाबदल केली की भारताच्या वाट्याची दहा हजार एकर जमीन कमी होणार.

या दहा हजार एकरांनी एकामागून एक सरकारांना धास्तावून ठेवलं. ती जमीन भारताच्या फक्त कागदावर होती. तिथे आपला सरकारी अधिकारी जाऊ शकत नव्हता, सारा गोळा होत नव्हता, निवडणूक होत नव्हती. जे हातात कधी नव्हतंच ते सोडण्याला ‘गमावणं’ म्हणायचं का, हा साधा प्रश्न देशासमोर ठेवायला कोणीतरी हवं होतं. कुठल्याच पक्षाने ते नेटाने केलं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने राज्यसभेत विधेयक मांडलं तेव्हा भाजप, आसाम गण परिषद आणि तृणमूल काँग्रेस या पक्षांनी कडाडून विरोध केला. दीड वर्षात सत्ता पालटली आणि भाजपच्याच सरकारने तेच विधेयक आणलं. आसामातल्या निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून आधी त्या राज्याचा भाग वगळण्याचा विचार झाला, मग तो बाजूला ठेवला गेला. नरेंद्र मोदी आणि सुषमा स्वराज यांनी ही भूमिका बदलली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ममता बॅनर्जी यांनी विरोध मागे घेतला, त्यांनाही. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. कुठल्या देशात राहायचं ते लोकांनी स्वतः ठरवलं. बांगलादेशातल्या छिटमहलांमधून नऊशेहून अधिक माणसं भारतात आली, बाकीची आपापल्या घरात राहिली आणि त्या घरांना प्रथमच एक देश मिळाला.

दहा हजार एकर गेल्याचं दुःख त्यानंतर कुठे ऐकू आलं नाही. देशाला त्याने काही झालं नाही. ज्या भीतीपोटी तीन पिढ्या उसन्या नावांनी जगल्या, ती भीती पोकळ होती.

‘एक इंचही जमीन देणार नाही’ हे वाक्य शेजाऱ्याशी वाद असलेल्या प्रत्येक देशातल्या सभांमध्ये ऐकू येतं. टाळ्या हमखास मिळतात. पण हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याचे हात त्याच क्षणी बांधले जातात, आणि पुढे त्याच खुर्चीवर जो येईल त्याचेही. अशी वाक्यं साचत जातात, शाळेच्या नकाशांत शिरतात, आणि काही वर्षांनी कोणाही राज्यकर्त्याला खरी परिस्थिती बोलून दाखवणं म्हणजे देशद्रोह वाटू लागतो.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो तो म्हणजे कणखर नेता. लोकमताची पर्वा न करता निर्णय घेईल असा पोलादी माणूस आला की प्रश्न सुटेल, ही समजूत आपल्याकडेही फार खोल रुजली आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला घडलेली एक हकिगत तिला छेद देते.

बीगल खाडीच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा अशी तीन छोटी बेटं आहेत. त्यांच्यावरून चिली आणि अर्जेंटिना यांच्यात जुना वाद होता. दोघांनी लवाद मान्य केला, १९७७ साली निवाडा चिलीच्या बाजूने लागला आणि अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीने जानेवारी १९७८ मध्ये तो निवाडाच रद्दबातल ठरवला. त्या डिसेंबरात अर्जेंटिनाचं सैन्य हल्ल्याच्या तयारीत उभं होतं. ऐन वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल आंतोनियो सामोरे यांना मध्यस्थीला पाठवलं म्हणून युद्ध टळलं. १९८० साली पोपनी तोडगा सुचवला. चिलीने तो स्वीकारला. अर्जेंटिनाच्या सेनाधिकाऱ्यांनी ना हो म्हटलं ना नाही. त्यांच्या हातात संसद नव्हती, विरोधी पक्ष नव्हता, वृत्तपत्रं मुठीत होती. तरीही ते तीन बेटं सोडू शकले नाहीत. राष्ट्राभिमानाच्या ज्या भाषेवर ती राजवट उभी होती तीच भाषा त्यांना मागे फिरू देईना. १९८२ साली त्यांनी ब्रिटनशी फॉकलंड बेटांचं युद्ध ओढवून घेतलं, ते हरले आणि पायउतार झाले.

डिसेंबर १९८३ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन हे वकिली पेशातले, सौम्य प्रकृतीचे गृहस्थ. तिजोरी रिकामी, लष्कर नाराज, सिनेटमध्ये बहुमत नाही. त्यांनी चिलीशी तोडगा ठरवला आणि तो सरळ लोकांसमोर नेला. निकाल सरकारवर बंधनकारक नसलेलं सार्वमत घ्यायचं ठरलं. परराष्ट्रमंत्री दान्ते कापुतो आणि विरोधी पक्षाचे सिनेटर विसेन्ते सादी यांची दूरचित्रवाणीवर समोरासमोर चर्चा झाली. बेटं सोडणं म्हणजे काय, न सोडणं म्हणजे काय, हे देशाने घरात बसून ऐकलं. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी मतदान झालं आणि ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी कौल बाजूने दिला. पुढे सिनेटमध्ये तो करार जेमतेम एका मताने तरला. सार्वमताचा कौल पाठीशी नसता तर तो तिथे बुडाला असता, असं मला वाटतं.

यावरून हुकूमशहांपेक्षा लोकशाहीतले नेते नेहमीच चांगली तडजोड करतात असं कोणी म्हणू नये. तेव्हा चिलीत पिनोशेची हुकूमशाही होती आणि करार त्यांनीही पाळला. मुद्दा वेगळा आहे. लोकांना विचारायची गरज नसलेल्या सत्ताधाऱ्याला लोकांना समजावण्याची सवय नसते. वेळ आली की त्याच्याजवळ धमकी असते, युक्तिवाद नसतो.

याच खंडात इक्वेडोर आणि पेरू यांनी १९९५ साली जंगलातल्या सीमेवरून युद्ध केलं. तीन वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९९८ रोजी, ब्राझिलियात राष्ट्राध्यक्ष हमिल माहुआद आणि आल्बेर्तो फुजिमोरी यांनी करार केला. अॅमेझॉनच्या खोऱ्यावरचा दावा इक्वेडोरच्या राष्ट्रीय अस्मितेचा भाग होता, पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत तसे नकाशे गिरवले होते. करारात सार्वभौमत्व पेरूकडे गेलं. पण तिविन्सा इथे, जिथे इक्वेडोरचे जवान लढले आणि पडले, तिथली एक चौरस किलोमीटर जागा इक्वेडोरला खाजगी मालमत्तेसारखी कायमची दिली गेली. सार्वभौमत्व पेरूचं, मालकी इक्वेडोरची. लष्करी दृष्ट्या त्या एक चौरस किलोमीटरला काही किंमत नाही. पण ज्यांची मुलं गेली त्यांच्यासमोर जाताना नेत्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. समोरच्या देशाच्या नेत्याला त्याच्या लोकांपुढे ताठ मानेने उभं राहता येईल एवढी जागा ठेवणं हेही नेतृत्वाचंच काम, आणि फुजिमोरींच्या बाकीच्या कारभाराबद्दल काहीही म्हणा, पेरूने ती जागा ठेवली.

पश्चिम जर्मनीचे सरकारप्रमुख विली ब्रांट यांचं नाव निघालं की वॉर्सातल्या ज्यू स्मारकापुढे ७ डिसेंबर १९७० रोजी गुडघ्यावर बसलेला चान्सलर सगळ्यांना आठवतो. मला त्यांनी त्याच दिवशी वॉर्सातून आपल्या देशवासीयांना उद्देशून केलेलं दूरचित्रवाणीवरचं भाषण जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी झालेल्या करारात पश्चिम जर्मनीने ओडर–नाइसे ही पोलंडची पश्चिम सीमा मान्य केली होती. सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशियाचा भाग, म्हणजे युद्धापूर्वीच्या जर्मनीचा मोठा प्रदेश पलीकडे राहणार होता. तिकडून हुसकावलेली लाखो कुटुंबं पश्चिम जर्मनीत मतदार होती, त्यांच्या संघटना प्रबळ होत्या, आणि एकाही मोठ्या पक्षाला त्यांना दुखवायची इच्छा नव्हती. ब्रांट यांनी सांगितलं, की या कराराने आपण काहीही गमावत नाही, जे गेलं ते केव्हाच पणाला लावून हरलेलं आहे. दोष कोणाचा, हेही त्यांनी लपवलं नाही. जर्मनीच्याच गुन्हेगारी राजवटीने ते घालवलं होतं.

स्वतः ब्रांट हिटलरच्या काळात देश सोडून गेलेले, त्या राजवटीविरुद्ध लढलेले. अपराध त्यांचा नव्हता, तरी जबाबदारी त्यांनी घेतली. त्या गुडघे टेकण्याबद्दल तेव्हा घेतलेल्या पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ते अति वाटलं होतं. एप्रिल १९७२ मध्ये त्यांच्या सरकारविरुद्ध रचनात्मक अविश्वास ठराव (पर्यायी चान्सलरचं नाव देऊनच मांडता येणारा) आला आणि विरोधकांना अवघी दोन मतं कमी पडल्याने तो फसला. त्या मतांसाठी पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने पैसे मोजले होते, हे पुढे उघडकीला आलं. त्यामुळे त्या विजयाला डाग आहे. पण नोव्हेंबर १९७२च्या निवडणुकीला डाग नाही. त्यात ब्रांट यांच्या पक्षाला जवळपास ४६ टक्के मतं मिळाली. लोकांना खरं सांगितलं तर लोक झिडकारतात, हा राजकारण्यांचा ठाम समज त्या निवडणुकीने चुकीचा ठरवला.

आता उलट बाजूचं उदाहरण. २८ डिसेंबर २०१५ रोजी जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सोलमध्ये एक समझोता जाहीर केला. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराच्या वेश्यागृहांमध्ये ज्या स्त्रियांना जबरदस्तीने ठेवलं गेलं, त्यांचा प्रश्न त्यातून ‘कायमचा आणि पुन्हा न उकरता येण्याजोगा’ सुटला असं दोघांनी म्हटलं. जपान एक अब्ज येन देणार होता, पंतप्रधान शिन्झो आबे यांच्या वतीने क्षमायाचना होती. कागदावर पाहिलं तर तो समझोता वाईट नव्हता, आधीच्या कित्येक प्रयत्नांपेक्षा पुढे गेलेला होता. कोरियात नोंद झालेल्या पीडितांपैकी तेव्हा फक्त ४६ जणी हयात होत्या. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या ४६ वृद्ध स्त्रियांना नीट विचारलंच गेलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या सरकारने तपशील बंद दारांआड ठरवले, काही अटी जाहीरही केल्या नाहीत. हयात स्त्रियांपैकी बऱ्याच जणींनी पुढे रक्कम स्वीकारली, पण ज्यांनी नाकारली त्यांचा आवाज देशभर पोचला. सरकार बदललं, चौकशी झाली, आणि २०१८ साली त्या पैशातून उभी राहिलेली संस्थाच बंद करण्याचा निर्णय झाला. ‘कायमचा’ सुटलेला प्रश्न तीन वर्षं टिकला नाही.

या दोन देशांचं दुखणंच तसं जुनं आहे. १९६५ साली पार्क ग्युन-हे यांचे वडील, राष्ट्राध्यक्ष पार्क च्युंग-ही यांनी जपानशी संबंध पूर्ववत करणारा करार केला. त्याआधीच्या वर्षी विरोधात रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांना आवरायला सोलमध्ये लष्करी कायदा लावावा लागला होता. जपानकडून तीस कोटी डॉलरचं अनुदान आणि वीस कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, त्यातून कारखाने आणि महामार्ग उभे राहिले. मात्र सक्तीने मजुरीला नेलेल्या माणसांची तक्रार मिटली नाही. ती न्यायालयांतून वर येत राहिली आणि २०१८ साली कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. बापाने १९६५ साली जे केलं तेच मुलीने २०१५ साली केलं: शेजाऱ्याशी मिटवलं, घरच्यांना सांगायचं राहिलं.

त्या दोघांच्या मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष किम डे-जुंग होऊन गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये त्यांनी जपानचे पंतप्रधान केइझो ओबुची यांच्यासोबत संयुक्त जाहीरनामा काढला. वसाहतकाळात कोरियन जनतेला भोगाव्या लागलेल्या यातनांबद्दल ओबुची यांनी लेखी खेद आणि क्षमा व्यक्त केली, किम यांनी ती स्वीकारली. मग किम मायदेशी परतून, विरोध असतानाही, जपानी चित्रपट आणि संगीत यांवरची जुनी बंदी टप्प्याटप्प्याने उठवू लागले. आपल्या समाजाला त्यांनी सांगितलं, की आपण आता एवढे कमकुवत नाही. दोन्ही देशांतल्या सामान्य माणसांमध्ये जी ये-जा आज दिसते तिची सुरुवात तिथे आहे. तो जाहीरनामा सगळे वाद मिटवू शकला नाही, पण आजही दोन्हीकडचे नेते चांगल्या दिवसांचा दाखला द्यायचा झाला की १९९८कडेच बोट दाखवतात.

नेत्याला याची किंमत मोजावी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्रीस आणि त्याच्या उत्तरेचा शेजारी यांच्यात ‘मॅसिडोनिया’ या नावावरून (ग्रीसच्या उत्तर भागाचंही नाव तेच) १९९१ पासून वाद होता. जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी अलेक्सिस सिप्रास आणि झोरान झाएव यांच्या सरकारांनी ‘उत्तर मॅसिडोनिया’ या नावावर समझोता केला. झाएव यांनी सार्वमत घेतलं तर फक्त ३७ टक्क्यांच्या आसपास लोक मतदानाला आले. सार्वमत म्हणजे जादूची कांडी नव्हे हे तेव्हा दिसलं. ग्रीसमध्ये सिप्रास यांचा मित्रपक्ष सरकारमधून बाहेर पडला. जानेवारी २०१९ मध्ये संसदेत १५३ विरुद्ध १४६ अशी मान्यता मिळाली आणि जुलैमध्ये सिप्रास निवडणूक हरले. आर्थिक कारणंही होती, पण उत्तर ग्रीसमधला राग त्यात होताच.

इथे मला सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटतात ते सिप्रास यांच्यानंतर आलेले किरियाकोस मित्सोताकिस. विरोधात असताना त्यांनी करारावर जोरदार टीका केली होती. सत्तेवर आल्यावर त्यांनी तो फाडला नाही. देशाने दिलेला शब्द म्हणून पाळला. करार करणाऱ्याची पाठ थोपटताना आपण हे विसरतो, की करार टिकवण्याचं श्रेय बऱ्याचदा त्याच्या विरोधकाचं असतं. २०१५ साली काँग्रेसनेही हेच केलं. दीड वर्षापूर्वी आपलं विधेयक ज्यांनी अडवलं त्यांच्याच विधेयकाला तिने एकही मत विरोधात जाऊ न देता पाठिंबा दिला. सूड उगवायची संधी होती, ती सोडली. विरोधी पक्षात बसून शेजाऱ्याशी होणाऱ्या समझोत्याबाबत जबाबदारीने बोलणं, हे आपल्या राजकारणातलं सर्वांत कमी कौतुक होणारं काम आहे.

काही जण म्हणतील, सगळं चव्हाट्यावर मांडून वाटाघाटी होतात कुठे? रास्त आहे. बोलणी गुप्तच लागतात. मनमोहन सिंग आणि परवेझ मुशर्रफ यांच्या काळात त्यांचे दूत सतिंदर लांबा आणि तारिक अझीझ यांच्यात काश्मीरबाबत पडद्याआड झालेली बोलणी बरीच पुढे गेली होती. २००६ साली अमृतसरमध्ये मनमोहन सिंग जाहीरपणे म्हणालेही, की सीमा बदलता येणार नाहीत, पण त्या निरर्थक करण्याच्या दिशेने आपण काम करू शकतो. एवढं मोठं विधान, पण ते घेऊन त्यांचा पक्षसुद्धा गावोगाव गेला नाही. पाकिस्तानातही मुशर्रफ यांनी सूत्र मांडलं ते मुलाखतींतून. तिथल्या संसदेत त्यावर खल झाला नाही. २००७ साली मुशर्रफ यांचं आसन डळमळलं, २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, आणि त्या साऱ्या मेहनतीचं जाहीर समर्थन करायला दोन्ही देशांत कोणी उरलं नाही. हल्ल्यानंतर बोलणी थांबणं अटळ होतं. पण लोकांच्या मनात त्या तोडग्याला थोडी जागा झाली असती तर पुढे केव्हातरी त्यावर परत येता आलं असतं. बोलणी गुप्त असावीत, दिशा गुप्त असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रत्येक दावा सोडून द्यावा असं मी सुचवत नाही. ज्याच्या भूमीवर आज परकं सैन्य चाल करून आलं आहे त्याला तडजोडीचा उपदेश करणं अन्याय्य आहे. इथे विषय आहे तो गोठलेल्या वादांचा, ज्यांत दोन्ही बाजू वर्षानुवर्षं तोच दावा म्हणत राहतात आणि मधल्या मध्ये सीमेवरचा माणूस पिचतो.

असा एक वाद आपल्या दारातच आहे. छिटमहलांच्या त्याच मुलखातून तिस्ता वाहते. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा भूसीमेच्या कागदांबरोबर तिस्तेच्या पाणीवाटपाचा मसुदाही तयार होता. ममता बॅनर्जी यांनी दौऱ्यावर जायला नकार दिला आणि तो मसुदा तसाच राहिला. त्यांची हरकत उगीच नव्हती. उन्हाळ्याच्या आधीच्या कोरड्या महिन्यांत तिस्तेत पाणीच थोडं असतं, गजलडोबाच्या बंधाऱ्यावर उत्तर बंगालची शेती अवलंबून आहे, आणि पाणी हा घटनेने राज्यांचा विषय आहे. पलीकडे बांगलादेशातल्या डालिया बंधाऱ्याखालचा शेतकरी याच महिन्यांत कोरड्या पात्राकडे बघत बसतो.

गंगेच्या पाण्याचा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला त्याआधी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. दिल्लीने त्यांना बरोबर घेतलं आणि राज्यात समजावण्याचं काम त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. तिस्तेबाबत तसं झालेलं नाही. दिल्ली कोलकात्याकडे बोट दाखवते, कोलकाता दिल्लीकडे, आणि या खोऱ्यातल्या नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी आपल्याकडे गोपनीय मानली जात असल्याने कोरड्या महिन्यांत नदीत नेमकं किती पाणी असतं हे जलपाईगुडीच्या शेतकऱ्याला कोणी अधिकृतपणे सांगत नाही. वाटा किती द्यायचा यावर त्याने मत तरी कसं बनवावं? गंगा कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची. त्याच्या पुढच्या बोलण्यांत तिस्ता आल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा दिल्ली आणि कोलकात्यातल्या सरकारांनी मिळून त्या नदीचे कोरड्या महिन्यांतले आकडे खुले करावेत, किती पाणी सोडावं लागेल आणि त्या बदल्यात उत्तर बंगालला सिंचनासाठी काय मिळेल हे लेखी मांडावं, आणि तो कागद ढाक्याला पाठवण्याआधी जलपाईगुडी आणि कूचबिहारमध्ये जाहीर सभेत वाचून दाखवावा.